हुकूम बोर्डाचा, जोर बॅटरीचा



पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्या वऱ्हाडात तान्हा पोळा असतो. विदर्भाबाहेरच्या वाचकांना कदाचित हा सण ठाऊक नसेल, म्हणून थोडक्यात सांगते. पोळ्याला खऱ्या बैलांची पूजा होते आणि तान्ह्या पोळ्याला मुलांच्या लाकडी बैलांची. चार चाकांच्या पाटावर उभा असलेला छोटासा नंदी, शिंगांना बेगड, गळ्यात माळ. त्याला दोरीनं ओढत घरोघरी न्यायचं आणि बोजारा म्हणून मिळालेली नाणी खिशात टाकायची. केवढी मजा!

आता जरा डोळे मिटून बघा. नंदीला दोरीच नाही. तो आपला आपण चालत दारापर्यंत गेला, तिथं थांबला आणि बोजारा मिळाल्यावर मागं सरकला! कशी वाटते कल्पना?

आमच्या वर्गातला प्रश्न मात्र सरळ असतो. "मॅडम, नंदीले मोटर लावता येते काय?"

येते की! आजकाल शाळेत तो निळा किंवा हिरवा मायक्रोकंट्रोलर बोर्डही बघायला मिळतो. नीती आयोगाची अटल टिंकरिंग लॅबची योजना २०१६ साली सुरू झाली. सहावी ते बारावीच्या मुलांसाठी असलेल्या या प्रयोगशाळांत असे बोर्ड, मोटरी, तारा सगळं असतं. आपल्या बोर्डाचं नाव आर्डुइनो उनो. आर्डुइनोचा जन्म २००५ साली इटलीतल्या इव्रेआ गावी झाला. ज्यांनी इलेक्ट्रॉनिक्स शिकलेलं नाही त्यांनाही वापरता यावं म्हणून तो बनवला गेला. तेव्हा तो तुमच्याचसाठी आहे, असं समजायला हरकत नाही.

पण लगेच पुढचा प्रश्न येतो. "मग मोटरच्या दोन तारा बोर्डालेच जोडू काय?"

इथं थांबा! आजचा सगळा धडा याच एका प्रश्नात आहे.

पिनेची ताकद किती?

बोर्डाच्या कडेला छोट्या छोट्या भोकांची रांग असते. त्यांना पिना म्हणतात. उनोवर अशा १४ डिजिटल पिना आहेत. प्रोग्राममध्ये "चालू" म्हटलं की पिनेवर ५ व्होल्ट येतात, "बंद" म्हटलं की शून्य.

पाच व्होल्ट ऐकून वाटतं, खेळण्यातली मोटर तर तीन व्होल्टवरही फिरते, मग अडचण कुठं? अडचण व्होल्टची नाही, करंटची आहे. व्होल्ट म्हणजे पाण्याचा दाब आणि करंट म्हणजे पाण्याची धार, असं समजा. टाकी उंचावर असली तरी नळी सुईएवढी असेल तर बादली भरायला दिवस जाईल.

करंट अँपिअरमध्ये मोजतात. अँपिअरचा हजारावा भाग म्हणजे मिलिअँपिअर. उनोच्या एका पिनेतून २० मिलिअँपिअरपर्यंत करंट घ्यावा. ४० ही शेवटची हद्द, तिच्यापुढं पीन कायमची खराब होऊ शकते. एलईडीचा छोटा दिवा १०-१५ मिलिअँपिअरमध्ये छान पेटतो, म्हणून तो पिनेला चालतो. (त्याच्यासोबत रेझिस्टर मात्र लावायचा बरं का!) आणि मोटर? पिवळ्या गिअरबॉक्सची जी छोटी मोटर दुकानात बीओ मोटर म्हणून मिळते, ती मोकळी फिरतानाच साधारण शे-दीडशे मिलिअँपिअर घेते. चाक अडलं की अर्ध्या अँपिअरच्याही पुढं जाते.

आता गणित करा. ५०० भागिले २०. पंचवीस पट! दप्तर उचलणाऱ्या पोराच्या डोक्यावर कापसाची गाठ ठेवण्यातलाच हा प्रकार.

आणि एक गोष्ट ध्यानात असू द्या. शाळेत बोर्ड एक आणि पोरं चाळीस असतात. घाईत पीन गेली तर नुसता बोर्ड जात नाही, चाळीस जणांचा तास जातो.

धरणाचा दरवाजा

मग मोटर चालवायची कशी? याचं उत्तर मोर्शीजवळ सिंभोऱ्याला आहे.

तिथं वर्धा नदीवर अप्पर वर्धा धरण आहे. त्याला १३ दरवाजे आहेत. पावसाळ्यात धरण भरलं की "इतके दरवाजे उघडले" अशी बातमी येते, ती तुम्ही वाचली असेल. आता सांगा, दरवाजा उघडण्याचा हुकूम देणाऱ्या माणसाच्या अंगात त्या पाण्याचा लोंढा ढकलायची ताकद असते का? मुळीच नाही. जोर पाण्याचा, हुकूम माणसाचा. दोघांच्या मध्ये असतो तो दरवाजा. थोड्या ताकदीनं हलतो आणि मोठ्या ताकदीला वाट करून देतो.

आपल्या नंदीतही असंच करायचं. पाणी म्हणजे बॅटरीतला करंट. हुकूम देणारा माणूस म्हणजे बोर्डाची पीन. आणि मधला दरवाजा म्हणजे मोटर ड्रायव्हर नावाची चिप. आतमध्ये ट्रान्झिस्टर असतात. पिनेकडून चिमूटभर करंट मिळाला की ते बॅटरीच्या मोठ्या करंटला मोटरपर्यंत जाऊ देतात. गंमत म्हणजे काही ट्रान्झिस्टरांच्या एका पायाचं नावच गेट आहे. गेट म्हणजे दरवाजाच की!

आपण एल२९३डी ही सोळा पायांची चिप घेऊ. एका मोटरला ती ६०० मिलिअँपिअरपर्यंत करंट देऊ शकते आणि एकाच चिपवर दोन मोटरी चालतात.

अडलेली मोटर जास्त का खाते?

मघाशी मी म्हटलं, चाक अडलं की मोटर जास्त करंट घेते. काहून बरं? फिरणारीनं जास्त खायला हवं, उभी राहिलेलीनं कमी, नाही का?

त्यासाठी एक सोपा प्रयोग करा. याला बोर्ड नको, सेलही नको. पिवळ्या मोटरच्या दोन तारांना एक लाल एलईडी जोडा. आता मोटरला चाक लावून ते हातानं भर्रकन फिरवा. एलईडी लुकलुकला? नसेल तर उलट्या बाजूनं फिरवा. एलईडी एकाच दिशेच्या करंटला पेटतो, म्हणून एका बाजूनं फिरवल्यावर उजेड पडतो, दुसऱ्या बाजूनं नाही.

म्हणजे काय झालं? वीज दिली की मोटर फिरते आणि मोटर फिरवली की वीज तयार होते. यंत्र एकच. अकोला जिल्ह्यातल्या पारसच्या वीजकेंद्रात कोळसा जाळून वाफ करतात, वाफेनं भलंमोठं चक्र फिरवतात आणि वीज मिळवतात. तुमच्या हातातलं त्याचंच चिमुकलं भावंड!

आता कोडं सुटलं. बॅटरीवर फिरणारी मोटर फिरता फिरता स्वतःही थोडी वीज तयार करत असते आणि ती बॅटरीच्या उलट दिशेनं रेटा देते. म्हणून बॅटरीकडून कमी करंट येतो. चाक अडलं की हा उलटा रेटा संपतो आणि करंट धो धो वाहू लागतो. मोटर सुरू होते त्या पहिल्या क्षणीही ती उभीच असते, त्यामुळं तेव्हाही असाच झटका बसतो. ड्रायव्हर निवडताना मोकळ्या मोटरचा आकडा बघायचा नाही, अडलेल्या मोटरचा बघायचा, तो यासाठी.

दुसरी एक खोड आहे. शेतातला पंप एकदम बंद केला की पाइपात धाडकन दणका बसतो, ऐकलाय ना? वाहतं पाणी एकदम थांबायला तयार नसतं. मोटरच्या गुंडाळीतला करंटही तसाच हट्टी. एकदम तोडला की क्षणभर मोठ्या व्होल्टचा दणका देतो आणि ट्रान्झिस्टर मारू शकतो. त्याला सुरक्षित वाट करून देणारा डायोड लागतो. आपल्या चिपमध्ये हे डायोड आतच असतात. नावातला शेवटचा डी त्यांचाच, म्हणून दुकानात तो डी पाहूनच चिप घ्या.

चला, जोडू या

साहित्य: उनो बोर्ड, एल२९३डी चिप, ब्रेडबोर्ड, चाकासह एक पिवळी मोटर, डबल ए मापाचे ४ पेन्सिल सेल आणि त्यांचा डबा, १०४ लिहिलेला एक छोटा कपॅसिटर, जोडणीच्या तारा.

चिपच्या एका टोकाला अर्धगोल खाच असते. ती वर धरा. डाव्या बाजूचे पाय वरून खाली १ ते ८ आणि उजव्या बाजूचे खालून वर ९ ते १६. आता एकेक तार लावा आणि लावली की वहीत बरोबरची खूण करा.

१. पाय ४, ५, १२ आणि १३ बोर्डाच्या ग्राउंडला.
२. पाय १६ बोर्डाच्या ५ व्होल्टला. हे चिपच्या डोक्याचं खाणं.
३. मोटरच्या दोन तारा पाय ३ आणि पाय ६ ला. कपॅसिटर मोटरच्या दोन टोकांवर आडवा. मोटरच्या आत बारीक ठिणग्या उडतात, त्यांचा त्रास तो कमी करतो.
४. पाय २ बोर्डाच्या पीन ७ ला, पाय ७ बोर्डाच्या पीन ८ ला आणि पाय १ बोर्डाच्या पीन ९ ला. हे तीन हुकमाचे रस्ते.
५. सेलच्या डब्याचा मायनसही ग्राउंडला.
६. सगळ्यात शेवटी डब्याचा प्लस पाय ८ ला. हे मोटरचं खाणं.

पाचवी पायरी पुष्कळ जण विसरतात. त्यांना वाटतं, मोटरची बॅटरी वेगळी आहे ना, मग बोर्डाशी तिचा संबंध काय? संबंध आहे! उंची मोजायची तर दोघांची जमीन एकच हवी. बोर्ड म्हणतो "पाच व्होल्ट", पण कुठून मोजून पाच? दोघांचा मायनस एकत्र नसेल तर चिपला हुकूम नीट कळतच नाही. बॅटऱ्या दोन, पण मायनस एक, हे पाठ करून ठेवा.

आता प्रोग्राम. आधी पीन ७, ८ आणि ९ या बाहेर हुकूम देणाऱ्या पिना आहेत असं बोर्डाला सांगा. मग हुकूम असे: पीन ७ चालू, पीन ८ बंद, पीन ९ ला १८०. तीन सेकंद थांब. मग ७ आणि ८ दोन्ही बंद. दोन सेकंद थांब. मग ७ बंद, ८ चालू. झालं! नंदी पुढं गेला, थांबला, मागं आला.

मिलिसेकंदांचं भारनियमन

पीन ९ ला १८० म्हणजे काय? तो वेग. शून्य म्हणजे थांबलेला, २५५ म्हणजे पूर्ण जोर.

पण मघाशी तर आपण म्हटलं की पीन फक्त चालू नाही तर बंद. मग मधला वेग कुठून आला? आईबाबांना २००५ च्या सुमाराचं भारनियमन आठवतं का, ते विचारा. काही तास वीज असायची, काही तास नसायची. बोर्ड हेच करतो, पण इतकं भराभर की पीन ९ सेकंदाला सुमारे ४९० वेळा चालू-बंद होते. १२८ सांगितलं तर निम्मा वेळ चालू, निम्मा वेळ बंद. चाकाला थांबायला सवडच मिळत नाही, त्याला वाटतं आपल्याला निम्माच जोर मिळतोय. या युक्तीला पीडब्ल्यूएम म्हणतात. उनोच्या १४ पिनांपैकी ६ पिनांना ती येते आणि बोर्डावर त्यांच्या आकड्याजवळ लाटेची खूण असते. म्हणूनच आपण ९ नंबर निवडला.

चालत नाही? थांबा, नीट बघा

मोटर नुसती गुणगुणते पण फिरत नाही? वेगाचा आकडा वाढवा किंवा नंदीचं वजन कमी करा. सागाचा भरभक्कम नंदी या मोटरला झेपणार नाही. पहिला नंदी पुठ्ठ्याचा करा.

मोटर सुरू होताच बोर्ड स्वतःच बंद होऊन पुन्हा सुरू होतो? तुम्ही मोटरचं खाणंही बोर्डाच्या ५ व्होल्टमधूनच घेतलंय! मोटरनं पहिला घास घेताच बोर्डाचे व्होल्ट पडतात. पाय ८ ला वेगळी बॅटरी द्या.

उलटाच चालतो? मोटरच्या दोन तारांची अदलाबदल करा.

चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी लावली आणि मोटर दहा मिनिटांत मंदावली? त्या बॅटरीत व्होल्ट असतात, पण मोठा करंट द्यायची धमक नसते. बोर्डाला ती काही तास चालवेल. मोटरला मात्र पेन्सिल सेलच द्या.

चिपला हात लावला तर चटका बसतो? ताबडतोब सेल काढा. एक तर चाक अडलंय, नाही तर तार चुकलीय.

असं कारण शोधत बसण्यात कमीपणा नाही. मायकेल फॅरेडेचं उदाहरण घ्या. घरची गरिबी, शाळा जेमतेम. लंडनला एका पुस्तक बांधणाऱ्याकडे तो काम शिकायला राहिला आणि बांधायला आलेली पुस्तकं वाचून विज्ञान शिकला. १८२० साली कोपनहेगनच्या अर्स्टेडनं पाहिलं की करंट वाहणाऱ्या तारेजवळ होकायंत्राची सुई हलते. पुढच्याच वर्षी, १८२१ साली, फॅरेडेनं लोहचुंबकाभोवती तार गोल गोल फिरवून दाखवली. करंट आणि लोहचुंबक यांच्या जोरावर फिरणारी ती पहिली वस्तू. मिक्सर, पंखा, विहिरीवरचा पंप, ही सगळी तिचीच पोरंबाळं.

आईबाबांसाठी दोन शब्द

वर सांगितलेलं सगळं काम सहा व्होल्टचं आहे. त्यात शॉकची भीती नाही, म्हणून मुलांना मोकळेपणानं करू द्या. तार चुकली तर लगेच हातातून घेऊ नका, चूक त्यांनाच शोधू द्या. मात्र एक रेघ पक्की आखून द्या. घरातली वीज २३० व्होल्टची असते. तिच्या बोर्डात, प्लगमध्ये, कूलरच्या पंपात मुलांनी यातली एकही तार घालायची नाही. आपल्या भागात उन्हाळ्यात कूलरमध्ये पाणी भरताना शॉक लागून अपघात होतात. आधी बटण बंद, मग प्लग बाहेर, मग पाणी, हा नियम मोठ्यांनी पाळलेला मुलांना दिसला पाहिजे. जुन्या मोबाइलच्या किंवा पॉवर बँकेच्या आतल्या बॅटऱ्या फोडून वापरू देऊ नका. दोन टोकं चुकून जुळली तर त्या पेट घेऊ शकतात.

या वेळचं कोडं

आपली चिप दरवाजा उघडते खरी, पण फुकट नाही. वाटेत ती साधारण अडीच व्होल्ट स्वतः खाते. पेन्सिल सेल दीड व्होल्टचा. चार सेलांचे सहा व्होल्ट, मग मोटरपर्यंत पोचले किती? आणि मोटरला सहा व्होल्ट किंवा त्याहून किंचित जास्त मिळावेत असं वाटलं तर डब्यात कमीत कमी किती सेल हवेत?

उत्तर वहीत सोडवा आणि एका पोस्टकार्डावर लिहून पाठवा. सोबत तुमच्या नंदीनं कुठं हट्ट केला आणि तुम्ही तो कसा मोडला, तेही लिहा. उत्तर पुढच्या अंकात देईन. तोवर तारा सांभाळा, सेल काढून ठेवा आणि शाळेचा बोर्ड डब्यात परत ठेवायला विसरू नका. उद्या तो दुसऱ्या कुणाला तरी हवा आहे.

तुमची,
मॅडम